हात सोडा

१

रविवारची न्याहारी झाली की आम्ही मुली हातमोजे घालून शाळेच्या पायऱ्यांवर दोन-दोनच्या जोडीने उभ्या राहायचो. पोटात गार लापशी असायची, समोर समुद्रावरचा वारा असायचा. वसतिगृह सांभाळणाऱ्या मेट्रन हातमोज्यांची भोकं तपासायच्या. मग दार उघडायचं आणि आमची लांबलचक रांग बांधावरच्या रस्त्याने चर्चकडे निघायची. त्या रांगेला आम्ही मगर म्हणायचो. मगरीला मान वळवता येत नाही म्हणतात. आम्हालाही वळवायची नव्हती.

नियम साधे होते. जोडी वर्षभरासाठी ठरलेली. जोडीदारणीचा हात हातात, नजर पुढच्या मुलीच्या वेणीवर, तोंड बंद. चर्चच्या फाटकाशी पोचलो, की रांगेच्या शेवटी चालणाऱ्या थॉरल्डबाई म्हणायच्या, "हात सोडा." त्याआधी हात सुटला तर आठवडाभर गोड बंद. दुसरी मोठी लढाई संपून दोन वर्षं झाली तरी साखर अजून रेशनवरच होती. टॉफीचा एक तुकडा शनिवारी हातावर पडायचा, तोही गेला तर जगण्यात फारसं काही उरत नसे.

माझी जोडीदारीण एव्हिस पेलो. मी उजवीकडे, ती डावीकडे. आमची जोडी शेपटाची, म्हणजे सगळ्यात शेवटची. त्यामुळे थॉरल्डबाई कायम आमच्या पाठीशी. बाई भूगोल शिकवायच्या. उंच, हडकुळ्या, आणि त्यांचा उजवा खांदा डाव्यापेक्षा खाली उतरलेला. चालताना उजवा हात त्या अंगापासून जरा दूर धरायच्या, बोटं अर्धी मिटलेली.

"बाई किटली खाली ठेवायला विसरल्यात," एव्हिस म्हणायची आणि तशीच एका बाजूला झुकून चालून दाखवायची. मी हसायची. आम्ही दोघी अकरा वर्षांच्या होतो आणि तेव्हा मला हसायला येत होतं.

२

त्या उन्हाळ्यात सगळीकडे पोलिओची साथ होती. गावातला पोहण्याचा तलाव बंद केला होता, मुलांना घेऊन सिनेमाला जाऊ नका म्हणून सांगत होते. पण चर्च काही बंद नव्हतं. सत्र संपायच्या आधीच्या रविवारी आम्ही नेहमीसारख्या निघालो. उन्हाळ्यात पांढरे सुती हातमोजे असायचे. ऊन चांगलं होतं.

"म्युरिएल," एव्हिस ओठ न हलवता म्हणाली, "माझी मान आखडलीय."

"गप्प बस. मागे बाई आहेत."

"पायसुद्धा कसेतरीच होतायत गं."

"फाटक आलंच की."

"सोडू नकोस हं. सोडलास तर मी पडेन."

"नाही सोडत. तू चाल ना!"

फाटक समोर दिसत असताना ती खाली बसली. पडली नाही, अगदी सावकाश बसली, जशी एखादी म्हातारी बाकावर बसते. पुढून मेट्रन तरातरा आल्या. "पेलो! ऊठ. रस्त्यात काय हे नाटक?" मग त्यांनी तिच्या मानेला हात लावला, आणि त्यांचा आवाजच बदलला. त्यांनी तिला काखेत हात घालून उचललं आणि समोरच्या घराकडे नेलं. मी तिचा हात सोडला नव्हता. मोजा निघून आला, एवढंच. तो माझ्या मुठीत राहिला.

थॉरल्डबाई बाकीच्यांना म्हणाल्या, "हात सोडा," आणि सगळ्या आत गेल्या. आम्हा दोघींना ते कोणी म्हणालं नाही. एव्हिस दिसेनाशी झाली होती आणि बाई माझ्या मुठीकडे बघत उभ्या होत्या.

दुपारी मेट्रननी तो मोजा चिमट्यात धरून बॉयलरमध्ये टाकला. "कोबोल्ड, हात धू," त्या मला म्हणाल्या; शाळेत सगळ्यांना आडनावानेच हाक मारत. "आता पुन्हा धू."

३

सप्टेंबरमध्ये परत आले, तर एव्हिसची खाट होती आणि तिच्यावर गादी नव्हती. टॉवेलच्या खुंटीवर तिचं आडनाव अजून होतं. मी मेट्रनना गाठलं. त्या चादरी मोजत होत्या.

"मेट्रन, पेलो कधी येणार?"

"पेलो येणार नाही."

"बरी झाली नाही का ती?"

"कोबोल्ड, तुझे मोजे रफू झालेत का?"

"नाही, मेट्रन."

"मग त्या मोज्यांची काळजी कर."

एवढंच. मुलींमध्येही कोणी नाव काढायचं नाही. ते बरं दिसत नाही, अशी आमची रीत. लढाईत कुणाचे वडील गेले, कुणाचा भाऊ गेला, तेव्हाही असंच केलं होतं. विचारायचं नाही, रडायचं नाही, लोण्याचं भांडं पुढे सरकवायचं. मला घरी पत्र लिहून विचारता आलं असतं, पण आमची पत्रं बाकावर उघडीच गोळा व्हायची आणि वाचली जायची. माझ्या आतमध्ये काहीतरी थिजून बसलं होतं, आणि खरं सांगायचं तर त्याचा त्रासही होत नव्हता.

पहिल्या रविवारी मी शेपटाला एकटीच उभी राहिले. मला वाटलं, कुठल्यातरी जोडीत तिसरी म्हणून घालतील. थॉरल्डबाईंनी माझ्या डाव्या बाजूच्या रिकाम्या जागेकडे पाहिलं.

"कोबोल्ड, मधे सरकू नकोस. तिची जागा तशीच असू दे."

रांग वाकडी दिसू नये म्हणून असेल. मी रस्त्याच्या उजव्या कडेनेच चालले, डावा हात नुसता लोंबत.

४

नोव्हेंबरमध्ये, ज्या रविवारी छातीवर कागदी लाल फुलं लावून लढाईतल्या मेलेल्यांसाठी उभं राहतात, त्या रविवारी बांधाच्या वळणावर माझ्या डाव्या हातात हात आला.

झटक्याने नाही. एव्हिस जशी धरायची तशी, आधी दोन बोटं, मग बाकीची. मी पुढच्या मुलीच्या वेणीकडे बघत राहिले. मान वळवायची नव्हती, आणि एवढी सवय अंगात मुरली होती की मी वळवलीही नाही. मला भीती वाटायला हवी होती. वाटली नाही. थंडीने माझी बोटं सुजलेली होती, दर हिवाळ्यात सुजायची, मग त्यांत मुंग्या यायच्या आणि शेवटी काही कळेनासं व्हायचं. मी मनाशी म्हटलं, ते हेच.

फक्त एक गोष्ट त्यात बसेना. आम्ही सगळ्यांनी जाड तपकिरी लोकरीचे मोजे घातले होते. माझ्या मोज्यातून मला जे लागत होतं ते लोकरीचं नव्हतं. पातळ, गुळगुळीत, इस्त्री केलेल्या सुती कापडाचं होतं. उन्हाळ्यातलं.

फाटकाशी बाई म्हणाल्या, "हात सोडा." समोर सगळे हात सुटले. माझा सुटला नाही. प्रार्थनेत मी एका हाताने पुस्तकाची पानं उलटली. दोन मिनिटांच्या शांततेत सगळ्यांचे श्वास ऐकू येत होते. माझ्या डाव्या बाजूचा श्वास काही ऐकू आला नाही, आणि मला जरा बरं वाटलं. बघ, कोणी नाही, मी स्वतःला म्हटलं. तरी हात होता.

आधी तो फक्त त्या रस्त्यावर असायचा. मग कपडे टांगायच्या खोलीपर्यंत यायला लागला. नाताळच्या सुमारास तो जेवणघरातही आला.

"कोबोल्ड! सुरी आणि काटा. दोन हात दिलेत ना देवाने?"

"हो, मेट्रन."

"मग डावा मांडीवर घेऊन काय बसलीस? तुरुंगातून सुटून आलीयस का?"

मुली फिदीफिदी हसल्या. मी डावा हात टेबलावर आणला. तो वर येताना नेहमीपेक्षा जड होता. एखाद्याचा हात धरून आपण तो उचलतो, तेवढा.

५

जानेवारीत बेरिल स्टॅग आली. लंडनची, पुढचे दोन दात एकमेकांवर चढलेले, आणि तोंड तर क्षणभर बंद नाही. पहिल्याच दिवशी तिने माझ्या खिशात टॉफी कोंबली.

"घे गं. आमच्या मावशीचं दुकान आहे. मेट्रन ती मिशीवाली ना? बाप रे! मला सांग, रडायला आलं तर इथे कुठे जायचं असतं?"

"इथे रडत नाहीत."

"मग काय करतात?"

मी खिशातली टॉफी चाचपली. तिने विचारलं होतं. इतक्या महिन्यांत मला कोणी काही विचारलंच नव्हतं. माझ्या आतलं ते थिजलेलं एका कडेने किंचित हललं, आणि त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं की या मुलीची मैत्रीण व्हावं. फार वाटलं.

रविवारी पायऱ्यांवर मेट्रन म्हणाल्या, "स्टॅग, तू शेपटाला. कोबोल्डच्या डावीकडे. आता मगर पुरी झाली."

बेरिल उड्या मारत आली आणि माझा हात शोधत तिने आपला हात पुढे केला. मी काही बोलायच्या आत तिने तो धरला.

"अगं, तुझा मोजा असा पातळ कसा? सुती घातलायस?" ती म्हणाली. "गारठून मरशील ना वेडे!"

मी खाली पाहिलं. माझा डावा हात मी घाबरून छातीशी घेतला होता. त्यावर तपकिरी लोकरीचा मोजा होता. बेरिलनेही तो पाहिला. मग तिने आपल्या हाताकडे पाहिलं, जो माझ्या बाजूला, कमरेच्या जरा खाली, कशाला तरी धरून होता. तिच्या चेहऱ्यावरचं हसू जायला थोडा वेळ लागला. तिने बोटं एकेक करून सोडवून घेतली. कोणाचा तरी अपमान होऊ नये म्हणून सोडवावीत तशी.

"मला वाटतं," ती हळूच म्हणाली, "तुझी जोडी आहे आधीच."

त्या दिवशी ती माझ्यापासून हातभर अंतर ठेवून चालली. रडत होती. इथे रडत नाहीत, हे तिला मीच सांगितलं होतं.

६

दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी मी थॉरल्डबाईंच्या खोलीचं दार वाजवलं. मला एकच हवं होतं. बाईंनी एकदा, आम्हा दोघींसाठी, ते दोन शब्द म्हणावेत. मग हात सुटेल, आणि मी तो बेरिलला देईन.

खोलीत गॅसची शेगडी फुरफुरत होती. बाई खुर्चीत बसल्या होत्या. त्यांच्या उजव्या बाजूला, खुर्चीला चिकटून, मुलांचं बसायचं बुटकं स्टूल होतं. चहाचा कप त्यांनी डाव्या हाताने उचलला. उजवा हात स्टुलाच्या वर, हवेत, थोडा खाली धरलेला. मी वर्षभर त्या हाताची नक्कल बघून हसले होते.

"बोल, कोबोल्ड."

"बाई, जुलैमध्ये तुम्ही आम्हाला 'हात सोडा' म्हणाला नाहीत."

त्या मला खुळी म्हणतील, मेट्रनना बोलावतील, कपाळाला हात लावून ताप बघतील, असं मला वाटलं होतं. तसं झालं असतं तर बरं झालं असतं.

"कधी आली?" त्यांनी विचारलं.

"नोव्हेंबरात."

"दुसऱ्या मुलीला कळलं?"

"हो, बाई. तिच्या हाताला लागलं."

"हं." त्यांनी कप खाली ठेवला. "मी म्हणू शकते. म्हटलं की सुटतो, असं म्हणतात. आमच्या वेळच्या बाई म्हणाल्या होत्या. आधीच्या लढाईनंतर इन्फ्लुएन्झा आला, तेव्हा मी याच शाळेत होते. तुझ्याएवढीच."

"मग तुमच्या बाईंनी म्हटलं नाही?"

"म्हणणार होत्या. मीच त्यांना विचारलं, की सुटल्यावर माझी जोडीदारीण जाईल कुठे. त्यांना ठाऊक नव्हतं." थॉरल्डबाईंनी स्टुलाकडे पाहिलं नाही. ज्या बाजूला कोणी बसलंय हे आपल्याला माहीत असतं, त्या बाजूला आपण बघत नाही, तशा त्या बसल्या होत्या. "मलाही ठाऊक नाही, कोबोल्ड. तिचं नाव कोणी घेत नाही, खाट दुसऱ्या मुलीला दिलेली. तिला धरून असलेलं जगात काही असेल तर हा एवढा हात."

"त्रास होतो का?"

"नाही. कशाचाच फारसा होत नाही, पुढे पुढे." त्यांनी कप जरा दूर सारला. "तुझ्या त्या पेलोचं पहिलं नाव काय?"

"एव्हिस, बाई. एव्हिस पेलो."

"एव्हिस." त्यांनी ते नीट उच्चारलं. "विसरू नकोस. मी हिचं नाव विसरलेय."

मी त्यांच्या उजव्या हाताकडे बघत होते. त्याच वेळी त्यांचा अंगठा हलला, वरून खाली, वरून खाली. लहान मुलाच्या मुठीवरून फिरवावा तसा. आणि स्टुलावरची उशी मधोमध दबलेली होती.

"रविवारी फाटकाशी मी तुझ्याकडे बघेन," बाई म्हणाल्या. "मान हलव, मी म्हणेन. नाही हलवलीस तर नाही म्हणणार. जा आता. दार लावून घे, वारा येतो."

७

रविवारी बर्फ भुरभुरत होतं. बेरिल हातभर अंतरावरून चालत होती, पण फाटक आलं तशी ती थोडी जवळ सरकली. तिने आपला मोजा काढून ठेवला होता. थंडीने लाल झालेला उघडा हात तिने माझ्याकडे अर्धा पुढे केला होता. तिला मी काहीच सांगितलं नव्हतं. तरी तिला कळलं होतं, की आज काहीतरी आहे.

"हात सोडा," थॉरल्डबाई सगळ्यांना म्हणाल्या. मुली आत गेल्या. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

मला मान हलवायची होती. देवाशपथ, मला हलवायची होती. ज्या जागी ती खाली बसली होती ती जागा माझ्या बुटांपाशीच होती. तिथे बर्फ साचत होतं. मला वाटलं, सुटल्यावर ती इथेच बसेल. सुती मोज्यात. सगळ्या आत जातील, दार लागेल, प्रार्थना सुरू होईल, आणि तिच्याबद्दल कोणी विचारणार नाही. सोडलास तर मी पडेन, असं ती म्हणाली होती.

मी मान हलवली नाही.

बाईंनी डोळे मिटून उघडले. "स्टॅग, पुढे जा. यापुढे तू मेट्रनबरोबर चालायचं." बेरिलने हात मागे घेतला आणि मोजा घातला. नंतर तिने मला टॉफी दिली नाही, आणि मीही मागितली नाही. उन्हाळ्यापर्यंत तिला दुसरी मैत्रीण मिळाली.

८

शाळा कधीच बंद झाली. तिथे आता म्हाताऱ्यांसाठी घरं आहेत. थॉरल्डबाई गेल्या, त्यांच्या अंत्यविधीला मी गेले होते. शवपेटी उचलणाऱ्यांपैकी उजवीकडचे दोघे कुरकुरत होते, की या बाजूला भार जास्त का.

माझं लग्न झालं नाही. तसे एक-दोघे विचारून गेले, चांगले होते. पण बागेतून फिरताना माणूस कुठला हात धरतो, हे आपल्या हातात नसतं. दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरीणबाई म्हणतात, "मिस कोबोल्ड, तुमचा डावा खांदा फार खाली आलाय. जड पिशव्या उचलत होता का?" मी हो म्हणते. मी वाढले, एव्हिस वाढली नाही. त्यामुळे मलाच वाकावं लागतं.

मी रोज सकाळी तिचं नाव मोठ्याने म्हणते. अजून विसरलेले नाही. दुःख होत नाही, आनंदही होत नाही, चहा पिऊन कप धुऊन ठेवते.

पण या हिवाळ्यापासून एक फरक पडलाय. इतकी वर्षं ती माझ्या बरोबरीने चालायची. आता ती अर्धं पाऊल पुढे असते. रस्त्यावर, स्वयंपाकघरात, आणि जिन्यावर तर जास्तच. माझे गुडघे थांबायला बघतात आणि ती हलकेच ओढते, फाटक आलंच की, असं म्हणावं तशी. कुठलं फाटक, ते मला दिसत नाही. ते दोन शब्द म्हणायला आता कोणी उरलेलं नाही.

म्हणून परवा जिन्याच्या वरच्या पायरीवर थांबून मी स्वतःच म्हणून पाहिलं. खणखणीत, थॉरल्डबाईंच्या आवाजात.

"हात सोडा."

माझा हात लगेच उघडला. जन्मभराची सवय. पाचही बोटं सरळ झाली आणि मी त्यांच्याकडे बघत राहिले.

तिचा उघडला नाही.